माळ, मेंढरं आणि घोंगडी : माणदेशातले सहा दिवस

पहिला दिवस

फलटण सोडलं आणि थोड्याच वेळात उसाचे फड मागे पडले. एसटी मोगराळे घाटाला लागली. घाट तसा लहानच, पण चढून वर आलं की मुलूख बदलतो. खाली कालव्याचं पाणी आणि हिरवं रान, वर लांबच लांब पसरलेला माळ. मधे मधे बाभळी, हिवर, एखादं लिंबाचं झाड आणि रस्त्याच्या कडेनं पिवळ्याधमक फुलांचा तरवड. महादेवाच्या डोंगररांगेपलीकडचा हा माणदेश. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. माण तालुक्याच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही धड येत नाही. ढग सह्याद्रीवरच रिते होतात.

मी विणकाम करते, दोन सुयांवरचं. आजवर किती स्वेटर आणि टोपडी केली त्याची मोजदाद नाही, पण त्यातली खरी लोकर फार थोडी. बाजारातले गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचेच. मेंढीच्या पाठीवरचा केस हातातल्या धाग्यापर्यंत कसा येतो हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट बरीच वर्षं मनात टोचत होती. बरोबर होती माझी मावसबहीण. ती पक्षी बघते. माळावर हिंडायचं तिचं जुनं वेड, म्हणून दोघींचं एकाच वाटेवर जमलं.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. हे दिवस मुद्दाम धरले. पावसाळा सरताना मेंढरं कातरतात आणि दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे आणि मेंढरांचे तांडे, पश्चिमेकडे चालू लागतात. कोणी घाट उतरून कोकणात जातं, कोणी नदीकाठच्या बागायतीत. मग ज्येष्ठात, पाऊस गाठायच्या आत, पुन्हा माघारी. सह्याद्रीचा ओला पावसाळा मेंढीला सोसत नाही. चिखलात खूर सडतात. म्हणून पावसाळा इथल्या कोरड्या माळावर आणि उरलेलं वर्ष वाटेवर.

संध्याकाळी म्हसवडला पोहोचलो. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, माणगंगेच्या पुलावर घटकाभर उभ्या राहिलो. पात्रात पाण्याची एक बारीकशी धार होती. ओळखीतल्या एका घरचे मामा न्यायला आले होते. गावापासून कोसभर अंतरावर त्यांची वस्ती. अंधारात पोहोचलो, तेव्हा मेंढरांचा आवाज नव्हता, नुसता वास होता : ओल्या लोकरीचा, दुधाचा, लेंड्यांचा आणि चुलीतल्या धुराचा.

"उद्या कातरायचीत," मामा म्हणाले. "आजच डोहातनं काढलीत. वाळाया पायजेत रातभर."

दुसरा दिवस

तांबडं फुटायच्या आत मामी उठल्या होत्या. मेंढीच्या दुधाचा चहा झाला. हे दूध दाट, त्यामुळे चहाही जाड लागतो. कोकरं वाघरीत होती. वाघर म्हणजे दोरीचं जाळं. काठ्या रोवून ते भोवती ताणलं की झाला कोंडवाडा. उचलून घोड्यावर टाकलं की निघाला मुक्काम. हे जाळं घरातली माणसं स्वतःच विणतात. माझा हात आधी त्याच्या गाठींवर गेला. गाठ साधीच होती, पण एकीसारखी दुसरी.

सात-आठ माणसं शेजारच्या वस्त्यांवरून आली. सावड असते ही. आज तुमची मेंढरं, परवा आमची. बाभळीखाली तरटं अंथरली. एकेक मेंढरू धरून आणायचं, पाय बांधायचे, कुशीवर निजवायचं आणि पोटाकडून कातर चालवायची. कातर लोखंडी, जड, घासून घासून पाती अरुंद झालेली. कातरणारे काका बोलत होते, हसत होते, पण त्यांचा डावा हात सतत कातडी ताणून धरत होता. तो हात चुकला तर कातडं कापलं जातं. एकदा थोडं कापलं, तेव्हा काकांनी कातर खाली ठेवली, जखमेवर हळद दाबली आणि मेंढीच्या कपाळावर दोनदा हात फिरवला. मगच पुढं.

परदेशी मेंढ्यांची लोकर गोधडीसारखी अखंड निघते, असं मी चित्रफितींत पाहिलेलं. इथे तसं नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि विरळ. ती पुंजक्यापुंजक्यांनी गळत होती. एका मेंढीमागं वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो, तीही दोन कातरण्यांची मिळून. परदेशी मेरिनो मेंढीचा तंतू विसेक मायक्रॉन जाडीचा धरला, तर दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड भरतो. कपड्याच्या गिरण्यांना तो नको असतो.

कातरून मोकळी झालेली मेंढी उठायची, अंग झाडायची आणि एकदम लहान दिसायची. मग तिचं कोकरू धावत यायचं आणि चार हातांवर थबकायचं. आई ओळखूच येईना. ती ओरडायची, ते ओरडायचं. शेवटी जवळ जाऊन वास घेतला की सगळं जागेवर. ही ओळखपाळख दुपारपर्यंत माळभर चालली होती. ताईनं दुर्बीण बाजूला ठेवली आणि तेच बघत बसली.

दुपारी ढिगाकडे बोट दाखवून मी विचारलं, "मामा, याचं पुढं काय?"

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. पानाला चुना लावून झाल्यावर म्हणाले, "बाई, कातरणाऱ्याची मजुरी काढली तर लोकरीतनं ती निघत न्हाय. सावड हाय म्हणून चाललंय. कातरलं न्हाय तर जनावराला उवा पडत्यात, उन्हाचं तडफडतं. म्हणून कातरायचं. निम्मी लोकर हितंच राहती, बाभळीच्या बुडाला."

बाभळीच्या बुडाशी खरंच मागच्या कातरणीची लोकर पडलेली होती. पावसानं दबून मातीच्या रंगाची झाली होती.

कळपात एक मेंढा निराळा दिसत होता. उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस डाग, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. माडग्याळी. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून या जातीचं नाव पडलं. त्याची कोकरं लवकर वजन धरतात, बाजारात दाम येतो. अंगावर मात्र लोकर जवळपास नाहीच. मामांच्या कळपातली निम्मी पिल्लं आता त्याच्या वळणाची. जुळी कोकरं मिळावीत म्हणूनही काम झालं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मेंढपाळाच्या हाती त्यातून चार पैसे जास्त येतात आणि ते यायलाच हवेत. पण हे सगळे प्रयत्न मांसाच्या बाजूनं आहेत. लोकरीच्या बाजूनं इतक्या नेटानं कोणी उभं राहिलेलं मला दिसलं नाही. घोंगडीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती संपत चाललीय, असं आपण शहरात बसून म्हणतो. इथे आल्यावर कळलं की गिऱ्हाईक उद्या आलं तरी त्याच्यासाठी लोकर असलेली मेंढी कळपात उरायला हवी. ती कळपातून आधी जाते आहे.

संध्याकाळी मामींनी ढिगातून काळा कुळकुळीत, मऊ पुंजका वेगळा काढून माझ्या हातात दिला. "हे जावळ. कोकराची पयली लोकर." माणसाच्या बाळाच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच कोकराच्या लोकरीला. जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत काळी. पुढं वय वाढलं की काळा रंग पिंगट होत जातो आणि उन्हानं टोकं तांबूस पडतात. वयाबरोबर लोकरीत उतरलेले हेच रंग घोंगडीत येतात. काळा, करडा, पिंगट, पांढरा. रंगारी लागतच नाही.

तिसरा दिवस

आजचा दिवस आजींचा. मामांच्या आई. वय विचारलं तर म्हणाल्या, "दुष्काळात लगीन झालं." कुठल्या दुष्काळात ते सांगितलं नाही, आणि इथल्या माणसाला तेवढं पुरेसं असतं.

सकाळी लोकर निवडायला बसलो. मी समजत होते की आता लगेच सूत काढायला मिळेल. पण निवडणंच दुपारपर्यंत चाललं. काळी एकीकडे, करडी एकीकडे. लेंडी चिकटलेली, चिखल लागलेली बाजूला. आणि सगळ्यांत जास्त वेळ कुसळं काढण्यात. माळावरचं कुसळी गवत या दिवसांत पिकतं. त्याच्या बीला पुढं सुईसारखं टोक आणि मागं लांब काळी शेपटी. ही शेपटी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो, आणि त्या फिरण्यानं बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. जमीन नसेल तर लोकरीत शिरतं, लोकरीतून कातड्यात. म्हणून कुसळ पुरतं पिकायच्या आत कातरलेलं बरं. आजींनी एक कुसळ थुंकी लावून तळहातावर ठेवलं. ते हळूहळू गोल फिरायला लागलं.

"बग, ह्याला सूत काढाया कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या.

पीळ म्हणजे काय हे मला त्या क्षणी जितकं कळलं तितकं कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं.

पिंजायचं काम पूर्वी कमानीनं व्हायचं. ताणलेली तात लोकरीत धरायची, तिला ठोका द्यायचा, की तंतू उडून मोकळे होतात. कमान अजून घरात टांगलेली आहे. आता बरेच जण यंत्रावर पिंजून आणतात. आजींकडे आधीची पिंजलेली लोकर होती, तिचे पेळू, म्हणजे लांबट वळ्या, करून ठेवलेले. त्यांनी रहाट पुढं ओढला. उजव्या हातानं चाक, डाव्या हातात पेळू. चातीच्या, म्हणजे रहाटाच्या फिरत्या सळईच्या, टोकाशी लोकर लावली, हात मागं गेला आणि हवेत धागा होता. मी डोळे न मिटता बघत होते, तरी तो कुठल्या क्षणी धागा झाला ते सापडलं नाही.

मग माझी पाळी. पहिल्या तासात एक वीतभर सूतही सलग निघालं नाही. एक तर पीळ कमी पडायचा आणि धागा विरून तुटायचा, नाहीतर पीळ जास्त होऊन त्याच्या गाठी वळायच्या. आजी मधे मधे माझं मनगट धरायच्या, काही न सांगता. एकदाच म्हणाल्या, "वढू नगं. ती येती. तू फकस्त सोड." सुईवर विणताना मी धागा ओढून घेते. इथे उलटं होतं. चातीकडून पीळ चढत यायचा आणि मी फक्त किती तंतू पुढं जाऊ द्यायचे ते ठरवायचं होतं. दुपारच्या भाकरीनंतर हे एकदम हाताला समजलं. धागा जाडाबारका होता, पण तुटत नव्हता. आजींनी चाकावरचा माझा हात बाजूला केला, ते सूत चिमटीत धरून पाहिलं आणि आपल्याच चातीवर गुंडाळून घेतलं. त्यांच्या सुताच्या वर माझं सूत. मला भरून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

राठ लोकर हलक्या प्रतीची नव्हे, हे त्या दिवशी पटलं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, म्हणून आखूड तंतूचाही धागा धरून राहतो. तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. शिवाय अंगची स्निग्धता पाण्याचे थेंब वरच्या वर थोपवते. मेरिनोचा मऊ स्वेटर घालून पावसात मेंढरं राखता येणार नाहीत. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन येतात. ती अंथरायची, पांघरायची, तिच्यात कोकरू गुंडाळायचं, तिच्यावर धान्य वाळवायचं, पाहुणा आला की तीच बैठक आणि देवकार्यात तीच आसन. तिच्यात मुरलेलं पाणी मात्र चटकन सुकत नाही. 'भिजत घोंगडं' ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं ते नक्की वाळत घातलेलं असणार.

रात्री शेकोटीभोवती मामांनी आणि शेजारच्या दोघांनी ढोल आणि कैताळ, म्हणजे झांजा, काढल्या. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं. बिरोबाची ओवी मध्यरात्रीपर्यंत चालली. एक जण म्हणायचा, बाकीचे शेवटचा शब्द उचलून लांबवायचे. पुढच्या मुक्कामाला निघण्याआधीची ही शेवटची निवांत रात्र, असं मामी म्हणाल्या.

चौथा दिवस

म्हसवडात सनगरांची घरं आहेत. इथली घोंगडी जुन्या काळापासून नावाजलेली. धनगर लोकर आणि सूत देणार, सनगर विणणार, असा दोन समाजांत पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. आम्ही ज्या घरी गेलो तिथले काका सकाळी सहालाच बोळात होते, कारण ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, उन्हाच्या आधी पसरावा लागतो. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा ताणलेला होता. खालून शेळ्या, शाळेची पोरं, सायकली वाकून जात होत्या. कोणी कुरकुर करत नव्हतं.

खळ चिंचोक्यांची. उन्हाळ्यात चिंचा फोडताना चिंचोके जमवून ठेवायचे. मग ते भिजवून, टरफल काढून, वाटून शिजवायचे. दाट, पिंगट, चिकट रटरटणारी ती खळ मोठ्या कुंच्यानं ताण्यावर ओढायची. एकेरी पिळाचं सूत केसाळ असतं. तसंच मागावर घातलं तर धागे एकमेकांत गुंतून तुटतील. खळ ते केस बसवते. पण ती एकसारखी लागली पाहिजे, आणि वाळेपर्यंत धागे सुटे करत राहिलं पाहिजे. काका एका बाजूनं, काकू दुसऱ्या बाजूनं, दोघं न बोलता एकाच चालीनं पुढं सरकत होते. पावसाळ्यात हे जमत नाही. खळ वाळतच नाही. म्हणून चार महिने माग जवळपास थंड. लोकरीला तिचा हंगाम, चिंचोक्याला त्याचा, खळीला उन्हाचा, आणि या सगळ्यांतून घोंगडी. मी तोवर तिला हातमागाची वस्तू समजत होते. ती शेतातल्या पिकासारखी वर्षावर अवलंबून आहे.

माग खड्ड्याचा. काका खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसले. पायानं पावडी दाबायची की ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली. मधल्या फटीतून धोटा सरकवायचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून बसवायचा. सुती मागाची खडखड मी ऐकली होती. इथला आवाज जड आणि बुजलेला, जाड कापडावर कोणी मूठ मारावी तसा. काळ्या अंगाला पांढरा काठ येत होता.

"काका, दिवसभरात किती होतं?"

"सूत चांगलं असलं तर होतंय. सूत चांगलं असायला कातणारी पायजे. कातणाऱ्या म्हाताऱ्या ऱ्हायल्यात. त्या गेल्या की माग बसला." मग थोडं थांबून, "माझं पोरगं पुण्याला हाय. चांगलं करतंय. मी त्याला बस म्हणत न्हाय. पर कुणी शिकाया आलं तर शिकवीन."

नवी घोंगडी हाताला फळीसारखी ताठ लागते. ती खळ. वापरून वापरून, धुऊन ती मऊ पडते आणि मगच खऱ्या अर्थानं घोंगडी होते. मी एक घेतली. काकांनी सांगितलेले पैसे दिले, घासाघीस केली नाही. ताणा, खळ, सूत, लोकर आणि त्याआधीचं चालणं, एवढं सगळं पाहिल्यावर ती करवलीच नसती.

पाचवा दिवस

हा दिवस ताईचा. पहाटे साडेपाचला माळावर. थंडी नुकती सुरू झालेली. गवतावर दव होतं, आणि कुसळीच्या शेपट्या ओल्या होऊन एकमेकींत गुंतल्या होत्या, जणू कोणी वेण्याच घातल्यात. सूर्य वर आला की त्या सुटतात, असं ताई म्हणाली. सुटल्या.

उजेड झाल्यावर गवतातून एक भोवत्या उठला, मग दुसरा, मग सात-आठ. हे शिकारी पक्षी थंडीत मध्य आशियाकडून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. दिवसभर माळावर खालून खालून तरंगत नाकतोडे टिपतात. म्हणजे त्यांनाही गवत उभंच लागतं. पुढं खडकाळ उतारावर धाविकची जोडी दिसली. तांबूस पोट, डोळ्यावर काळीपांढरी रेघ. पळायची, थांबायची, ताठ उभी राहायची. तारेवर नीळकंठ होता. ओढ्याच्या वाळूत लांडग्याचे ठसे होते, कुत्र्यापेक्षा लांबट, एका रेषेत चाललेले. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हाय एक जोडी. वरसाला दोन-चार कोकरं नेतंय. त्याचा वाटा हाय त्यो." हे सहज म्हटलेलं नव्हतं. कोकरू गेलं की घरातली बाई रडते, हेही त्यांनी त्याच वाक्याला जोडून सांगितलं.

सरकारी नकाशांत असे माळ पडीक जमीन म्हणून नोंदवलेले असतात. ज्या जमिनीवर एवढं गवत, एवढे पक्षी, एवढी मेंढरं आणि एवढ्या घरांचं पोट आहे तिला पडीक म्हणणं मला मान्य नाही. पडीक म्हटलं की कोणीही काहीही करायला मोकळा होतो. कुठे झाडं लावायला खड्डे, कुठे कुंपण, डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते. दुसरीकडे उरमोडी धरणाचं पाणी आलं, पलीकडे आटपाडीकडे टेंभू योजनेचं. डाळिंबाच्या बागा आणि ऊस उभा राहिला. त्या पाण्यासाठी इथल्या लोकांनी पिढ्या घालवल्या, ते त्यांना मिळायलाच हवं होतं. पण बागेला कुंपण पडतं. पूर्वी पीक निघालं की शेतकरी स्वतः निरोप धाडायचा, मेंढरं बसवायला या म्हणून. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी-मुतानं रान खतावतं. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मिळायचे. अजून मिळतात, पण मोकळी रानं कमी झाली, आणि दोन रानांमधली चालायची वाट तर त्याहून कमी. माण-खटावात यंदा शाळू पेरून झाला होता. चित्रा नक्षत्राची ओल होती, कोंब वर आले होते. मामा पेरलेल्या रानाच्या कडेनं कळप असा काही वळवत होते की एका मेंढीचं तोंड आत गेलं नाही. रस्ता अरुंद झाला की राखणाऱ्याचं कौशल्य वाढतं, पण त्यालाही हद्द आहे.

दुपारी येरळवाडीच्या तलावावर जाऊन आलो. रोहित पक्षी अजून आले नव्हते.

सहावा दिवस

आटपाडी, भिवघाट, तासगाव, सांगली असं करत आदल्या रात्री उशिरा हातकणंगल्याला पोहोचलो होतो. सकाळी कोल्हापूर जिल्ह्यातलं पट्टणकोडोली. विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसरा-दिवाळीच्या मधे भरते आणि महाराष्ट्र, कर्नाटकातून धनगर समाज लोटतो. मामांचे दोन पुतणे बरोबर होते. मामा स्वतः आले नाहीत, निघायची तयारी होती. घोड्याचं खोगीर शिवायचं होतं, कोंबड्यांच्या पाट्या बांधायच्या होत्या.

गाव पिवळं होतं. रस्ते, भिंती, पत्रे, माणसांच्या भुवया, सगळ्यांवर भंडारा. ढोलांचा आवाज कानानं ऐकू येत नव्हता, छातीत बसत होता. रंगीत, झालरींच्या मोठमोठ्या छत्र्या गर्दीवर गोल फिरत होत्या. सोलापूर जिल्ह्यातून पायी आलेले, भाकणूक सांगणारे फरांडेबाबा हेडाम खेळत निघाले. हातातली तलवार पोटावर टेकवत, पुढं-मागं झुलत. आणि चारी बाजूंनी उधळण सुरू झाली. भंडारा, खारीक, खोबरं आणि लोकर.

लोकर उधळतात हे मी ऐकलं होतं. प्रत्यक्षात ती हवेत कशी राहते ते पाहिलं नव्हतं. खोबरं पटकन खाली येतं, भंडाऱ्याचा ढग होतो, आणि लोकरीचे पुंजके त्या ढगात रेंगाळत, वळत खाली उतरतात. माळावर बाभळीच्या बुडाशी पडून कुजणारी तीच लोकर इथे देवाला वाहिलेली होती. लोक ती खाली पडू देत नव्हते. हात वर करून झेलत होते, पदरात बांधत होते.

मग भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भविष्य, झाली. पाऊस कसा, पीक कसं, धारण म्हणजे बाजारभाव कसा. लाखोंच्या गर्दीत त्या घटकेला शांतता. माझ्या शेजारची म्हातारी डोळे मिटून, हात जोडून ऐकत होती. पावसाचं वाक्य आलं तशी तिनं खांद्यावरची घोंगडी नीट सावरली.

माझ्या पदरात एक पुंजका आला होता, काळा, थोडा पिंगट. परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून मी तो उलगडला. आजींनी निघताना आपली जुनी हातचाती दिली होती, रहाट यायच्या आधीची, मेंढरांमागे चालताना सूत काढायची. पुंजका विंचरायला घेतला तर बोटाला काहीतरी टोचलं. भंडाऱ्यात माखलेलं एक कुसळ. ते काढलं, खिडकीच्या कडेला ठेवलं आणि पेळू करायला लागले.